संप्रेरकाला आरोपी करण्यापूर्वी

परीक्षा जवळ आली की शाळाशाळांतून ताणमुक्तीची व्याख्याने होतात. पहाटे उठा, भरपूर व्यायाम करा, अमुक खा, तमुक टाळा, म्हणजे कॉर्टिसॉल हे 'घातक' संप्रेरक कमी होईल, असे सांगितले जाते. यातील बहुतेक सवयी चांगल्याच आहेत. त्यांना जोडलेले कारण मात्र शिक्षकांनी तपासून घ्यावे, असे आम्हांला वाटते.

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल तयार करतात. आदेश मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीमार्फत येतो, आणि रक्तात ते पुरेसे वाढले की तेच हा आदेश मंद करते. जाग आल्यावर अर्ध्या तासाच्या सुमारास त्याची पातळी सर्वाधिक, तर मध्यरात्रीच्या आसपास सर्वांत कमी असते. रक्तातील साखर व रक्तदाब टिकवणारे हे संप्रेरक अजिबात नसेल तर माणूस जगत नाही. दम्यासाठी महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या या ग्रंथी सुस्तावतात. गोळ्या एकाएकी थांबवल्या तर जिवावर बेतू शकते. 'घातक संप्रेरक' एवढेच ऐकून घरी गेलेल्या मुलाने आजीच्या गोळ्या बंद करायला सांगितले तर?

आता सल्ल्यांकडे पाहू. जोरकस व्यायामाने कॉर्टिसॉल त्या वेळी वाढतेच. संथ चालण्याने सहसा वाढत नाही. दीर्घ उपवासानेही ते वाढते. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते उतरायला हवे तेवढे उतरत नाही. मग रात्री बारापर्यंत अभ्यास करणाऱ्या मुलाला पहाटे चारला धावायला पाठवणे कोणत्या शास्त्रात बसते? शेगावची एक कचोरी खाल्ल्याने ताण चढत नाही आणि एक फळ खाल्ल्याने तो उतरत नाही. शरीराचा हिशेब वाण्याच्या वहीसारखा नसतो.

या व्याख्यानांत वारीचा दाखला हमखास येतो. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पायी पंढरपूरला जाते आणि पायीच परतते. सम चाल, ठरलेले मुक्काम, वेळेवर जेवण, रात्रीची झोप आणि सोबत. विश्रांतीचे उत्तम शिक्षण याहून कोठे मिळणार? तथापि 'वारीत कॉर्टिसॉल घटते' असे विधान करायचे तर लाळेचे किंवा रक्ताचे नमुने दिवसाच्या त्याच वेळी, आधी व नंतर घ्यावे लागतील. शिवाय आनंदाने निघालेला वारकरी आणि धास्तावलेला परीक्षार्थी यांची तुलना कशी करणार?

आमचा मुख्य आक्षेप पुढेच आहे. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणा होता. नापिकी आणि कर्ज यांनी येणारा ताण सकाळच्या फेरीने फिटत नाही. सवयींचा सल्ला देताना ताणाचे कारणच विसरले, तर दोष ताण सोसणाऱ्याच्याच माथी येतो.

वर्गात एक साधा प्रयोग करावा. मुलांनी बसून नाडी मोजावी, दोन मिनिटे जिना चढून-उतरून पुन्हा मोजावी, मग ती पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो ते टिपावे. यातून कॉर्टिसॉल मोजले जात नाही, हेही सांगावे. ताण येणे हा आजार नव्हे. तो उतरायला उसंत न मिळणे, ही खरी अडचण. एवढे मुलांना उमगले तरी तास सार्थकी लागला, असे आम्ही समजू.