मौदूदींचा तर्क आणि भारतातले मुसलमान

अबुल आला मौदूदी यांना आपल्याकडे सरसकट ‘कट्टर मुल्ला’ म्हणून मोकळे होतात. मला हे वर्णन अपुरे वाटते. १९०३ साली औरंगाबादेत जन्मलेला, १९४१ मध्ये जमाते इस्लामी स्थापन करणारा हा माणूस पेशाने आधी पत्रकार होता. त्यांच्या उर्दू गद्यावर अग्रलेखकाची छाप आहे : एक गृहीतक मांडायचे आणि वाचकाला उसंत न देता निष्कर्षापर्यंत ओढत न्यायचे. धर्म ही त्यांच्या लेखी मुख्यतः राज्यव्यवस्था.

या तर्काची कसोटी १९५३च्या अहमदियाविरोधी दंगलींनंतर लागली. लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. ती पुढे टळली. दंगलींच्या चौकशीत न्या. मुनीर यांनी विचारले, पाकिस्तान इस्लामी राज्य झाले तर हिंदूंना स्वतःच्या धर्मावर राज्यघटना उभारू द्याल? अवश्य, असे मौदूदी म्हणाले. मग तिथल्या मुसलमानांना मनूच्या कायद्याने शूद्र-म्लेच्छ ठरवून नागरिकत्वाचे हक्क नाकारले, तरी आपली हरकत नाही! त्या मुसलमानांत औरंगाबादचेही होते. तर्क सुसंगत आहे, आणि म्हणूनच मला तो निर्दय वाटतो.

पण तो वाकतही होता. स्त्रीला राज्यप्रमुखपद नाकारणाऱ्या मौदूदींनी १९६५च्या निवडणुकीत अयूब खानांविरुद्ध फातिमा जिनांना पाठिंबा दिला. ही सवलत त्यांनी राजकारणाला दिली. मागे राहिलेल्या कोट्यवधींसाठी मात्र त्यांना ती सुचली नाही.