सविकल्प समाधी आणि काळ ओलांडणारी नायिका

ऐतिहासिक कादंबरीसंबंधीची आपल्याकडील चर्चा बहुतांशी दोन प्रश्नांपाशी घुटमळत राहिली आहे. कादंबरीकाराने इतिहासाशी इमान किती राखले हा पहिला, आणि कल्पिताला त्याने किती मोकळीक दिली हा दुसरा. वाचक त्या काळात कसा प्रवेश करतो आणि तेथे कोण म्हणून वावरतो, हा तिसरा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. 'स्वामी'ची पारायणे करणाऱ्या वाचकाचा उत्साह आपण 'स्वप्नरंजन' या एका शब्दात निकालात काढतो. त्या शब्दाने उत्साहाचे मूल्यमापन होते, वर्णन होत नाही. मराठीत जवळजवळ नसलेल्या एका कादंबरीप्रकाराच्या आधारे या तिसऱ्या प्रश्नाकडे वळण्याचा येथे प्रयत्न आहे.

हा प्रकार म्हणजे कालप्रवासाची ऐतिहासिक प्रेमकादंबरी. डायना गॅबल्डन यांची 'आउटलँडर' (१९९१) ही त्याची सर्वांत गाजलेली प्रतिनिधी. दुसऱ्या महायुद्धात परिचारिका म्हणून काम केलेली क्लेअर युद्धानंतर पतीसह स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस येथे येते, एका प्राचीन शिळावर्तुळातून ओढली जाते आणि १७४३ साली पोचते. तेथील जेमी फ्रेझर या तरुणाशी तिला परिस्थितीवश विवाह करावा लागतो व पुढे ती त्याच्यावर मनापासून प्रेम करू लागते. १७४६ साली कलोडनच्या माळावर या हायलँडर कुळांचा विध्वंस होणार आहे हे तिला ठाऊक आहे. मागे राहिलेला तिचा पती इतिहासाचा अभ्यासक आहे, हा तपशील बोलका आहे. त्याच्यापाशी भूतकाळाची माहिती आहे. भूतकाळाशी संसार करावा लागतो तो हिला.

देहूत राहणाऱ्या आणि रोज चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या एका वाचक स्त्रीशी या कादंबरीविषयी माझे बोलणे झाले होते. मालिकेचे बरेचसे भाग त्यांनी जाण्यायेण्याच्या वेळात वाचले होते. जेमीच्या रूपगुणांविषयी त्या बोलतील अशी माझी अटकळ होती. त्या बोलल्या त्या क्लेअरच्या हातांविषयी. जखमा धुणे, उतरलेला खांदा बसवणे, कोणती वनस्पती कशावर चालते ते शिकून घेणे, आणि या ज्ञानापायीच चेटकीण ठरवली जाणे. त्यांचा मुद्दा असा होता की, इतर ऐतिहासिक कादंबऱ्यांत आपण नुसते पाहत राहतो, येथे आपल्याला काम असते.

हे विधान साधे वाटले तरी सैद्धान्तिकदृष्ट्या महत्त्वाचे आहे. जॅनिस रॅडवे यांनी 'रीडिंग द रोमान्स' (१९८४) या अभ्यासात अमेरिकेतील प्रेमकादंबऱ्यांच्या स्त्रीवाचकांशी बोलून असे दाखवले की, वाचन ही त्यांच्यासाठी आधी एक कृती असते. घरकामाच्या अखंड मागणीतून स्वतःसाठी वेळ राखून ठेवण्याची. आशय त्यानंतर येतो. देहूच्या वाचकाने केलेला भेद याच्या पुढचा आहे. वाचनासाठी मिळवलेल्या वेळात आपण कथेच्या आत कोणत्या अधिकाराने उभे असतो, असे त्या विचारीत होत्या.

या ठिकाणी न. चिं. केळकर यांचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. बडोद्याच्या १९२१ च्या साहित्यसंमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी मांडलेली 'सविकल्प समाधी'ची कल्पना आपण परीक्षेपुरती शिकतो आणि सोडून देतो. वाचक स्वतःच्या भूमिकेवर राहूनच परक्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरीपणातच वाङ्मयानंद असतो, असा तिचा आशय. साधारणीकरणाच्या सिद्धान्तात देशकालाची विशिष्टता गळून पडावी लागते. ही स्त्री अमुक गावची, हा काळ अमुक शतकाचा, ही जाणीव मावळल्याखेरीज रसप्रतीती नाही. केळकरांच्या कल्पनेत विकल्प शिल्लक राहतो. मी मीच आहे, तरीही तो आहे. कालप्रवासी नायिका म्हणजे या विकल्पाला मिळालेला देह होय. वाचकाच्या मनात जे चालते तेच येथे कथानक झालेले असते. क्लेअर अठराव्या शतकात राहते, परंतु विसाव्या शतकातली तिची स्मृती, शिव्या, आरोग्यविषयक आग्रह आणि कलोडनची माहिती तिच्याबरोबर राहते. काळाची विशिष्टता विसरली तर ही कादंबरीच कोसळेल.

ही रचना आकाशातून पडलेली नाही. स्कॉटच्या 'वेव्हर्ली'चा (१८१४) नायक इंग्रज तरुण आहे. तो हायलँडमध्ये पाहुणा म्हणून जातो, १७४५ च्या बंडात ओढला जातो आणि दोन पक्षांमध्ये हेलकावे खातो. ल्युकाच यांनी 'द हिस्टॉरिकल नॉव्हेल' (१९३७) मध्ये अशा मध्यम प्रतीच्या नायकाला ऐतिहासिक कादंबरीचे मर्म मानले. थोर पुरुष कडेला, आणि सामान्य, डळमळता माणूस मध्यभागी, म्हणजे दोन्ही बाजू वाचकाला दिसतात. 'वेव्हर्ली'चे उपशीर्षकच साठ वर्षांच्या अंतराची आठवण देते. क्लेअर ही वेव्हर्लीचीच वारस. त्याने नकाशावरची हद्द ओलांडली, तिने पंचांगावरची. बंड तेच, पराभवही तोच.

मराठीत हा मध्यम नायक आला होता. हरि नारायण आपट्यांच्या 'उषःकाल'मध्ये शिवाजी महाराज आहेत, परंतु कथेचा ताण वाहतो तो नानासाहेब. विजापूरच्या चाकरीतला पिता आणि उगवते स्वराज्य यांत तो ताणला जातो. पुढे १९६० नंतरच्या दशकांत थोर पुरुषच कादंबरीचा नायक झाला. 'स्वामी' (१९६२), 'श्रीमान योगी' (१९६८), 'राऊ' (१९७२) या कादंबऱ्यांनी वाचकाला सिंहासनाजवळ नेले, शयनगृहातही नेले, परंतु त्याच्यासाठी उभे राहण्याची जागा ठेवली नाही. तेथे शिरायचे तर माधवरावच व्हावे लागते, किंवा रमा. विकल्प दारात ठेवावा लागतो. या कादंबऱ्यांचा दोष स्वप्नरंजनात नाही. स्वप्न पाहणाऱ्याला स्वतःचा चेहरा विसरावयास लावण्यात आहे.

'स्वामी'च्या शेवटाचा विचार केला म्हणजे हा प्रश्न केवळ घाटाचा राहत नाही. नोव्हेंबर १७७२ मध्ये थेऊर येथे माधवराव पेशवे राजयक्ष्म्याने निवर्तले आणि रमाबाई सती गेल्या. ही इतिहासातील घटना आहे. कादंबरीकाराला ती टाळता येणारी नव्हती. परंतु तिच्याकडे येणारी सगळी वाट प्रेमाची आहे. रुग्णशय्येजवळचे संवाद, अल्प सहवासाची हुरहुर, चिंतामणीच्या सान्निध्यातील संयत करुणा, या सर्वांमधून सहगमन हे प्रीतीचे शिखर म्हणून वाचकासमोर येते. वाचक गहिवरतो आणि त्या गहिवरात चिता सुंदर होते. या शेवटाने हेलावलेल्या पिढ्यांमध्ये सतीची चाल मान्य असणारे फारसे कोणी नव्हते. मान्य नसलेली गोष्ट वाचनापुरती सुंदर कशी होते, याचे उत्तर निर्विकल्प तादात्म्यात आहे. असहमत होऊ शकणारा 'मी' तेथे हजरच नसतो.

आता त्या थेऊरच्या वाड्यात क्लेअरसारखी एखादी आहे असे क्षणभर कल्पावे. ती परिचारिका आहे. खोकल्यावरून आणि ज्वरावरून क्षय ओळखेल. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध तिच्या काळात नुकताच लागलेला आहे, तेव्हा या रोगावर औषध असते हे कदाचित तिला माहीत असेल, आणि आपल्या हातात ते नाही हे निश्चितच माहीत असेल. माधवरावांना ती वाचवू शकणार नाही. मग उरते रमा, जिला कोणताच रोग नाही. तिच्याशी ही बाई काय बोलेल? बोलेल की गप्प राहील? बोलली तर तिला कोणत्या खोलीत कोंडतील? या प्रश्नांमुळे रमेच्या प्रेमाला उणेपणा येत नाही. उलट ते प्रेम आणि ती चिता या दोन वेगळ्या गोष्टी होतात. करुणरसाचा परिपोष थोडा बिघडेल हे खरे. तो बिघडावा असे माझे मत आहे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. भविष्याचे ज्ञान घेऊन भूतकाळात उतरणारी व्यक्ती ही सुधारणेचा दिवा हाती घेऊन वसाहतीत उतरलेल्या साहेबाचीच आवृत्ती नव्हे काय? सतीच्या प्रश्नासंदर्भात तर हा आक्षेप विशेष बोचरा आहे. 'आउटलँडर' त्यातून पूर्ण सुटत नाही. हायलँडरच्या रांगडेपणाचे तिने केलेले सौंदर्यीकरण कित्येकदा पर्यटनाच्या जाहिरातीजवळ जाते. परंतु या प्रकाराची क्षमता तेवढीच नाही. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या 'किंड्रेड'मध्ये (१९७९) डेना ही कृष्णवर्णीय लेखिका १९७६ मधून गुलामगिरीच्या काळातील मेरीलँडमध्ये पुनःपुन्हा खेचली जाते, आणि ज्या गोऱ्या मालकपुत्राचे प्राण तिला वाचवावे लागतात तो तिचाच पूर्वज आहे. तो मेला तर तिचा वंशच नाही. अखेरीस ती परत येते ती एक हात गमावून. येथे उत्तरकाळाचे ज्ञान श्रेष्ठत्व देत नाही, अपराधात सामील करून घेते. गॅबल्डन यांनीही मालिकेच्या दुसऱ्या भागात क्लेअरचे ज्ञान निष्फळ ठरवले आहे. बंड थांबविण्याचे तिचे प्रयत्न फसतात आणि कलोडन घडतेच.

मराठीत काळाची घडी विस्कटणारी जी रचना चटकन आठवते ती जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा एका मुंबईत पोचतात, जेथे विश्वासराव पानिपतावर वाचले आहेत आणि मराठे जिंकले आहेत. काटेकोर पाहिले तर ते मागे जात नाहीत. वेगळ्या इतिहासातून निपजलेल्या वर्तमानात जातात. कलोडननंतर अवघ्या पंधरा वर्षांनी झालेला हा पराभव आपल्या वाचकाच्या मनात तसाच सलत असतो, आणि कथेने ती सल नेमकी हेरली आहे. गंगाधरपंतांजवळ विकल्प पुरेपूर आहे. ते प्रत्येक पानाशी हुज्जत घालतात. मात्र तेथे त्यांचे कोणी नाही. सभेत ते व्यासपीठावर चढतात आणि लोक त्यांना हाकलतात. त्यांना ग्रंथालय मिळते, घर मिळत नाही. 'स्वामी'त संसार आहे आणि प्रश्न विचारणारा नाही. येथे प्रश्न विचारणारा आहे आणि संसार नाही.

या दोहोंच्या मधली कादंबरी मराठीत आहे, पण ती कालप्रवासाची म्हणून कोणी वाचलेली नाही, आणि तिचे स्थळ देहू आहे. दि. बा. मोकाशी यांच्या 'आनंदओवरी'त (१९७४) तुकाराम नाहीसे झाल्यानंतर त्यांचा धाकटा भाऊ कान्हा त्यांना शोधतो आणि शोधता शोधता आठवणींतून मागे जातो. थोर पुरुष गेलेला आहे. मध्यभागी उरला आहे तो दुकान, शेतवाडी, कर्ज आणि पोरेबाळे सांभाळणारा मध्यम माणूस. ल्युकाच यांच्या नायकाचे इतके नेमके उदाहरण मराठीत दुसरे नसावे. वैकुंठगमनाकडे कान्हा भक्ताच्या डोळ्यांनी पाहू शकत नाही आणि नास्तिकाच्याही नाही, कारण गेलेला त्याचा भाऊ आहे. सतराव्या शतकात बसलेल्या या माणसाच्या मनाची ठेवण, त्याची शंका, स्वतःच्याच प्रेमाचा हिशेब मागण्याची त्याची सवय ही विसाव्या शतकातील आहे. शिळावर्तुळ न दाखवता मोकाशींनी एक कालप्रवासी देहूत उतरवला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अर्थात देहूत शिळा आहेच. तुकारामांनी ज्या शिळेवर तेरा दिवस अन्नपाण्यावाचून धरणे धरले असे मानतात, तिचे मंदिर तेथे आहे. या शिळेतून कोणी पलीकडे जात नाही; काळच दरवर्षी तिच्यापाशी येतो. फाल्गुन वद्य द्वितीयेला भर दुपारी नांदुरकीच्या झाडाखाली जमणारा समुदाय भूतकाळ आठवीत नसतो, तो त्या क्षणाला हजर असतो. ज्येष्ठ वद्य सप्तमीला पालखी निघते तेव्हाही तसेच. मराठीत कालप्रवासाची कादंबरी का रुजली नाही याचे एक कारण मला येथे दिसते. भूतकाळ परका असल्याची पूर्वअट आपल्याकडे पुरी होत नाही; कीर्तन, पोवाडा आणि वारी यांनी तो सतत वर्तमानात ओढून ठेवलेला आहे. परका नाही, म्हणून त्याला प्रश्नही विचारला जात नाही.

कान्हा विचारतो, ते त्याला एका दिवसात परके व्हावे लागले म्हणून. घरातले माणूस कथा होऊन गेले. मात्र त्याच्याही प्रश्नांना मर्यादा आहे. भंडाऱ्याच्या डोंगरावर भाकरी घेऊन चढणारी, परंपरेने कजाग ठरवलेली जिजाई त्याच्या डोळ्यांसमोर आहे; तिच्याविषयी त्याला कणव आहे. पण ती कणव दिराची आहे. डोंगर चढताना तिच्या मनात काय होते हे कान्ह्याच्या निवेदनाच्या कक्षेत येत नाही, येऊ शकत नाही. त्या पायवाटेवर तिच्याबरोबर चालणारी, तिच्या हातातले ओझे थोडा वेळ स्वतःकडे घेणारी निवेदक मराठी कादंबरीने अजून देहूला पाठवलेली नाही.