एक ओळ चिकटवा, एंटर दाबा

प्रोग्रॅम लिहायला मदत करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्यक आता शाळेच्या संगणक-कक्षाच्या दारापर्यंत आले आहेत. गिटहब कोपायलट २०२१ च्या जूनमध्ये चाचणीसाठी आणि २०२२ च्या जूनमध्ये सर्वांसाठी खुला झाला, आणि मग अशा साहाय्यकांची रांगच लागली. मुलांनी ते वापरावेत की नाही यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला त्याच्या एक पायरी अलीकडचे बोलायचे आहे. हे साहाय्यक संगणकावर बसवले कसे जातात?

यांपैकी अनेकांच्या माहितीपानावर सुरुवातीलाच एक ओळ दिलेली असते. ती उचलायची, टर्मिनलच्या काळ्या खिडकीत चिकटवायची आणि एंटर दाबायचे. ओळीचे दोन भाग असतात. डावीकडचा 'कर्ल' हा प्रोग्रॅम इंटरनेटवरून एक फाइल आणतो. मधली उभी रेघ म्हणजे नळी. उजवीकडचा 'बॅश' किंवा 'शेल' त्या नळीतून जे येईल ते आज्ञा समजून पाळतो. कारकुनाच्या हाती बंद पाकीट द्यावे आणि सांगावे, आत जे लिहिले असेल ते कर, मला दाखवायची गरज नाही, तसा हा प्रकार आहे. वाटेत 'सुडो' आले आणि आपण पासवर्ड दिला, की त्याच कारकुनाला सगळ्या कपाटांच्या किल्ल्याही मिळाल्या.

आमचाच अनुभव सांगतो. दहा संगणक, सर्वांवर 'विद्यार्थी' नावाचे एकच खाते, आणि दुपारनंतर हमखास जाणारे इंटरनेट, अशा कक्षात आम्ही एक स्क्रिप्ट चालवली. साहाय्यक बसवणे, संपादकाला जोडणे, सेवेची किल्ली भरणे, हे सारे ती स्वतःच करणार होती. इंटरनेट तीनदा तुटले, म्हणून तीनदा चालवली. चौथ्या वेळी सर्व काही 'यशस्वी' झाले. त्या आनंदात आम्ही उरलेल्या नऊ संगणकांवरही तेच केले.

आम्ही स्वतःच्या पैशांनी त्या सेवेत भरलेली रक्कम पंधरा दिवसांत संपली. आमचा पहिला संशय नववीतल्या एका मुलावर गेला, कारण संगणकातले त्यालाच जास्त कळत होते. त्याला बाजूला बोलावून विचारले. तो नाही म्हणाला आणि नंतर बरेच दिवस कक्षात आला नाही. खरा प्रकार पुढे उघडकीस आला. स्क्रिप्टने आमची किल्ली प्रत्येक संगणकाच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये साध्या अक्षरांत लिहून ठेवली होती (पहिल्या संगणकावर तर चार वेळा!), आणि संपादकातली आपोआप पुढचे सुचवण्याची सोय न विचारता चालू केली होती. कोणतेही मूल टंकताना क्षणभर थांबले, की एक विनंती दूरच्या संगणकाकडे जाई आणि तिचे पैसे आमच्या खात्यातून वजा होत. चोरी कोणीच केली नव्हती. मुलाची माफी मागितली. त्याने ती दिली की नाही हे आम्हाला अजून नीट कळलेले नाही.

त्यानंतर आम्ही ठरवले की अशी स्क्रिप्ट आधी वाचायची. पुस्तकाच्या परीक्षणासाठी पुस्तक वाचतात तशी. पहिली घेतली 'ओलामा'ची. भाषा-मॉडेल आपल्याच संगणकावर चालवण्याचे हे मुक्त साधन आहे, आणि त्याला संपादकातला साहाय्यक जोडता येतो. त्यामुळे किल्ली लागत नाही, बिलही येत नाही. फाइल वेळोवेळी बदलत असते. आम्ही वाचली ती लिनक्सची प्रत काहीशे ओळींची होती.

वाचून आमचे मत बरेच निवळले. ही स्क्रिप्ट सभ्य आहे. चूक होताच थांबण्याची सूचना तिने पहिल्या ओळींतच स्वतःला दिलेली आहे. प्रोसेसर कोणत्या जातीचा आहे हे ती तपासते, लागणारी साधने नसतील तर त्यांची नावे सांगून थांबते आणि तात्पुरत्या फाइली जाताना आवरून जाते. पण पुढे काय काय होते ते माहितीपानावरच्या त्या एका ओळीवरून कोणालाही कळणार नाही. ती संगणकावर 'ओलामा' नावाचा एक नवा वापरकर्ता निर्माण करते. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारी आणि बंद पडल्यास पुन्हा उठणारी सेवा बसवते. एनव्हिडियाचे ग्राफिक कार्ड दिसले आणि त्याचा ड्रायव्हर नसला, तर तोही आणून बसवायला घेते. घरच्या संगणकावर ही सोय वाटेल. शाळेच्या जुन्या संगणकावर न विचारता ड्रायव्हर बदलणे म्हणजे उद्याचा तास पडद्याविना घ्यायची तयारी ठेवणे. शिवाय उतरवलेली मुख्य फाइल मूळचीच आहे ना, हे ठशावरून पडताळण्याची पायरी आमच्या प्रतीत नव्हती. हा आमचा मुख्य आक्षेप.

मग मॉडेलचा आकार. प्रोग्रॅम लिहिण्यासाठीच्या क्वेन-२.५-कोडरची सात अब्ज प्राचलांची आवृत्ती उतरवायला सुमारे ४.७ जीबी लागतात, दीड अब्जांची सुमारे एक जीबी. चार जीबी स्मृतीच्या संगणकावर पहिलीचा विचारच सोडावा. हे गणित स्क्रिप्ट करत नाही. ते आपण करायचे.

हे सारे अतिसावधपणाचे आहे असे वाटेल. २०११ साली 'बंबलबी' नावाच्या लिनक्स प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये एक जुना फोल्डर पुसण्याची आज्ञा होती. त्याचा पत्ता सलग लिहायचा होता. 'यूएसआर' या शब्दानंतर चुकून एक मोकळी जागा पडली. संगणकाने एकाऐवजी दोन पत्ते वाचले आणि पहिला, म्हणजे ज्यात जवळजवळ सगळे प्रोग्रॅम राहतात तो 'यूएसआर' फोल्डर, पूर्ण पुसून टाकला. एका रिकाम्या जागेने! २०१५ च्या जानेवारीत 'स्टीम' या खेळांच्या प्रणालीच्या लिनक्स स्क्रिप्टचे असेच झाले. फोल्डरचा पत्ता ज्या चलात असायचा तो रिकामा राहिला, आणि पुसण्याची आज्ञा संगणकाच्या मुळापासून सुरू होऊन वापरकर्त्यांच्या फाइली गेल्या. त्या जागी लिहिणाऱ्याने स्वतःच 'भीतिदायक!' अशा अर्थाची टीप टाकून ठेवली होती, हे विशेष.

या झाल्या चुका. २०२१ मध्ये 'कोडकव्ह' या सेवेची स्क्रिप्ट कोणीतरी मुद्दाम बदलली. ३१ जानेवारीपासून १ एप्रिलपर्यंत ती चालवणाऱ्यांच्या संगणकावरील गुप्त किल्ल्या परस्पर बाहेर पाठवल्या जात होत्या. हे उघडकीस आले ते एका ग्राहकाने उतरवलेल्या फाइलचा ठसा प्रसिद्ध केलेल्या ठशाशी ताडून पाहिला म्हणून. ठसा म्हणजे फाइलमधल्या सर्व अक्षरांवर गणिती प्रक्रिया करून काढलेली एक ठरावीक लांबीची संख्या. एक स्वल्पविराम बदलला तरी ती पार वेगळी येते.

आणि २६ ऑगस्ट २०२५ ला साहाय्यक स्वतःच या गोष्टीत आले. 'एनएक्स' या लोकप्रिय साधनाच्या काही आवृत्त्यांत इन्स्टॉल होताच चालणारी एक घातक स्क्रिप्ट घुसवण्यात आली होती. ती संगणकावर क्लॉड, जेमिनी किंवा ॲमेझॉन क्यू यांपैकी कोणी बसवलेले आहे का ते पाही, आणि असल्यास त्यालाच परवानगी न विचारण्याच्या स्थितीत चालवून गुप्त फाइली शोधायला लावी. घरात ठेवलेल्या मदतनीसालाच चोराने वाट दाखवायला सांगावे, असा हा प्रकार. म्हणून साहाय्यकाच्या मांडणीतली 'प्रत्येक वेळी विचार' ही खूण आम्ही कधीही काढत नाही, मुलांनी कितीही कुरकुर केली तरी.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप रास्त आहे. स्क्रिप्ट वाचली तरी ती जो प्रोग्रॅम आणते तो आपण कुठे वाचतो? विश्वास शेवटी कुठेतरी टाकावाच लागतो. केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात हेच दाखवले होते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या व्याख्यानात मूळ प्रोग्रॅम निर्दोष दिसत असूनही त्याचे भाषांतर करणारा कंपायलर दगा देऊ शकतो हे त्यांनी मांडले. मान्य आहे. पण पुढच्या दाराला कडी नाही म्हणून फाटकही उघडे टाकावे, हे आम्हाला पटत नाही. बंबलबीची मोकळी जागा स्क्रिप्ट वाचणाऱ्याला दिसली असती.

चांगल्या स्क्रिप्टा असतात. रस्ट भाषेची स्क्रिप्ट सगळे काम फंक्शनमध्ये ठेवते आणि ते अगदी शेवटी हाकारते. इंटरनेट मध्येच तुटले तर अर्धवट काही होत नाही. आमच्या कक्षाला नेमके हेच हवे होते.

आता आम्ही नळी वापरत नाही. फाइल आधी उतरवून ठेवतो, तीच वाचतो आणि तीच चालवतो. ब्राउझरमध्ये एक वाचून टर्मिनलमध्ये दुसरी ओढण्यात अर्थ नाही. ठसा दिलेला असेल तर जुळवतो. पहिल्यांदा एकाच संगणकावर चालवतो, आणि त्यावरच मुद्दाम दुसऱ्यांदा चालवून काही दुप्पट झाले का ते पाहतो. किल्ली लागत असेल तर खर्चाची मर्यादा आधी घालतो.

दहावीच्या मुलांना ओलामाच्या स्क्रिप्टची छापील प्रत दिली होती. तीन रंगांच्या पेन्सिली: नवे काही आणणाऱ्या ओळी हिरव्या, आपल्या संगणकात बदल करणाऱ्या निळ्या, 'सुडो' लागणाऱ्या लाल. दोन तास लागले. एका गटाने लाल रंग संपला म्हणून तक्रार केली, आणि एका मुलीने विचारले की ती सेवा संगणक सुरू होताच चालू का व्हावी, आपण तर ती मंगळवारीच वापरतो. आम्ही ती बंद करून ठेवली आहे.