आडवा पडलेला दोन

अमेरिकेतल्या जुन्या नॅशनल बँक नोटांपैकी दोन डॉलरच्या नोटेला संग्राहक ‘लेझी ड्यूस’ म्हणतात. नोट पाहिली की कारण विचारावं लागत नाही. भलामोठा २ दुपारच्या वामकुक्षीला लवंडावा तसा आडवा पसरलाय. पैशाच्या कागदावर इतका निवांत आकडा मी दुसरा पाहिलेला नाही. डावीकडे झेंडा घेतलेली स्त्री आहे. मागच्या बाजूला सर वॉल्टर रॅली १५८५ साली इंग्लंडमधल्या मंडळींना अमेरिकेतला मका आणि तंबाखू दाखवतोय. (स्वतः रॅली उत्तर अमेरिकेत कधी गेलाच नव्हता, पण नोटेवर ऐट त्याचीच!)

ही चित्रं मात्र सगळ्या लेझी ड्यूसवर तीच. बदलतं ते गाव. १८६३च्या कायद्याने सनद मिळालेल्या बँका सरकारी रोखे तारण ठेवून स्वतःच्या नावाच्या नोटा चलनात आणत. छापील ताव बँकेत पोचले की प्रेसिडेंट आणि कॅशियर त्यांवर टाकाने सह्या करत. सरकारी ट्रेझररची सही, बऱ्याच नोटांवर फ्रान्सिस स्पिनर यांची वळणावळणांची प्रसिद्ध सही, छापील असे. कॅशियरची खरीखुरी, आता शाई विटून तपकिरी झालेली. नजर खिळते ती या दुसऱ्या सहीवर. कोरीवकाम करणाऱ्याचा हात जिथे पोचला नाही, तिथे ही नोट सर्वांत जिवंत आहे.

किंमत मात्र बरीचशी गाव आणि बँकेवरून ठरते. १८७४च्या कायद्यानंतर नोटेवर बँकेचा चार्टर (सनद) क्रमांक छापला जाऊ लागला. त्यावरून बँक पक्की होते आणि तिच्या किती नोटा आज माहीत आहेत, ते शोधता येतं. मोठ्या शहरातल्या बँकेची नोट त्या मानाने सहज मिळते. राज्याचा दर्जा मिळण्याआधीच्या एखाद्या ‘टेरिटरी’तली निघाली, तर लिलावात चढाओढ लागते. त्यात दोनची नोट मुळातच कमी. एका तावावर बहुधा एक डॉलरच्या तीन आणि दोनची एकच नोट असे, आणि १८७९पासून या बँकांना पाच डॉलरखालच्या नोटा काढणंच बंद झालं.

घड्या, फाटलेल्या कडा, टाचणीची भोकं यांनी भाव उतरतो. पण धुऊन, दाबून ‘नवी’ केलेली नोट जाणकाराला त्याहून खटकते. तेव्हा अशी नोट हाती आलीच, तर आधी गाव वाचा, मग क्रमांक, मग सह्या. आणि कृपा करून तिला पाणी लावू नका.