दोन फलक, एक डाव : द्रुतगती कूटखेळातील प्रत्युत्तराचा विचार

१

कूट घालणे आणि ते भर सभेत, फारसा अवधी न घेता सोडविणे, ही क्रीडा मराठी परंपरेला नवी नाही. कलगी-तुऱ्याच्या फडात शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले एकमेकांस सवाल टाकीत व जवाब मागीत. जवाब अडला की बाजी गेली. घरगुती पातळीवर भेंड्यांच्या खेळाचे तत्त्वही हेच आहे. एका पक्षाच्या गाण्याचे अखेरचे अक्षर ते दुसऱ्या पक्षाचे आरंभाक्षर. ठरलेल्या मुदतीत गाणे आठवले नाही, तर भेंडी चढते. या दोन्ही प्रकारांत गती आहे, चढाओढ आहे आणि कूटही आहे. परंतु त्यांना खरा आकार येतो तो आणखी एका गोष्टीमुळे. एकाने जे म्हटले, त्यातूनच दुसऱ्याच्या म्हणण्याला वाट मिळते किंवा त्याची वाट अडते. देवघेव ही तेथे खेळाची सोय नसून खेळाचे द्रव्यच होय.

गेल्या चार दशकांत संगणकाच्या पडद्यावर जो द्रुतगती कूटखेळ वाढला, त्याचे ‘टेट्रिस’ आणि ‘पुयो पुयो’ हे दोन प्रातिनिधिक नमुने मानावयास हरकत नाही. अशा खेळांविषयी बोलताना त्यांचे रंग, त्यांचा वेग आणि त्यांचे व्यसन यांचीच चर्चा बहुधा होते. भाषाभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. या खेळात एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे नेमके काय जाते, आणि जे येते त्याला उत्तर देता येते काय? या जातीच्या खेळांचे तारतम्य ठरवावयाचे झाल्यास ते वेगावरून किंवा खेळाडूंच्या संख्येवरून नव्हे, तर प्रत्युत्तराच्या नियमावरून ठरवावे लागेल, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

२

‘टेट्रिस’ हा मुळात एकट्याचा खेळ. अलेक्सी पाझितनोव्ह यांनी तो १९८४ साली मॉस्को येथे, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात रचला. ज्या एलेक्त्रोनिका-६० या यंत्रावर तो प्रथम चालला त्यास चित्रे काढण्याची सोय नव्हती. म्हणून पहिल्या आवृत्तीतील ठोकळे कंसांच्या जोड्यांनी, म्हणजे लिपीतील चिन्हांनीच, दाखविलेले होते. चार चौकोन एकमेकांना जोडून होणाऱ्या सात आकृती, दहा घरे रुंद व वीस घरे उंच असा फलक, आणि आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होणे, एवढीच या खेळाची सामग्री.

एवढ्या अल्प सामग्रीतून अमर्याद रचना निघतात, हे भाषेच्या अभ्यासकास ओळखीचे वाटावे. मात्र भाषेला खेळाची उपमा देण्याची जी प्रथा सोस्यूरच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांपासून रूढ झाली, तीतील खेळ बुद्धिबळाचा आहे. बुद्धिबळात सर्व सोंगट्या आरंभापासून पटावर असतात आणि खेळणाऱ्यास थांबून विचार करता येतो. बोलणाऱ्याची अवस्था टेट्रिस खेळणाऱ्याच्या अधिक जवळची आहे. पुढचा घटक येतच राहतो, आधी ठेवलेला परत उचलता येत नाही, आणि थांबणे हीही एक चूकच ठरते. डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ या संशोधकांनी १९९४ साली दाखवून दिले, की टेट्रिस खेळणारे ठोकळा जरुरीपेक्षा अधिक वेळा फिरवितात. मनात फिरवून पाहण्यापेक्षा पडद्यावर फिरवून पाहणे त्यांना सोपे जाते. कृती ही येथे विचारानंतर येत नाही, तर विचाराचेच साधन बनते. वाक्य मनात पुरते तयार होण्यापूर्वीच आपण बोलावयास लागतो आणि बोलता बोलताच ते घडवितो, तशातलाच हा प्रकार.

आणखी एक साम्य नोंदविण्याजोगे आहे. नीट जुळलेली ओळ विरून जाते; फलकावर दिसत राहते ते न जुळलेले. संभाषणातही उमगलेल्या वाक्याचे शब्द श्रोता विसरतो, आणि जे वाक्य उमगले नाही त्याचेच शब्द त्याच्या कानात घोळत राहतात.

या एकट्याच्या खेळाचा शेत कसा होतो, हा प्रश्न पुढील विवेचनास महत्त्वाचा आहे. इंग्रजीतील एस आणि झेड या अक्षरांसारखे जे दोन वाकडे ठोकळे, ते आळीपाळीने येत राहिले तर कोणताही खेळाडू कायमचा टिकू शकत नाही, हे हिडी बर्गील यांनी १९९७ साली गणिताने सिद्ध केले. ठोकळे केवळ दैवाधीन येत असतील, तर अशी लांब रांग केव्हातरी येणारच. अर्थात तो खेळ अंती हरण्यासाठीच आहे. परंतु या शतकाच्या आरंभापासून निघालेल्या बहुतेक अधिकृत आवृत्त्यांत साती ठोकळे एका थैलीत घालून, मिसळून, एकेक काढावेत अशी योजना आहे. सात ठोकळ्यांचे ५,०४० क्रम संभवतात. कोणताही आला तरी प्रत्येक सप्तकात प्रत्येक ठोकळा एकदाच येतो. मारक रांग मग येऊच शकत नाही. दैवाची जागा नियमाने घेतली, आणि उरला तो केवळ वेग. नियमबद्ध झालेल्या या खेळात हार आणावयाची ती आता वेगाने किंवा दुसऱ्या खेळाडूने.

तो दुसरा खेळाडू याआधीच अवतरलेला होता. १९८९ साली निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या हातात धरावयाच्या यंत्राबरोबर टेट्रिस घरोघर गेला, आणि दोन यंत्रे तारेने जोडून दोघांना खेळण्याची सोय झाली. एका दमात दोन ओळी पुसल्या तर प्रतिस्पर्ध्याच्या फलकाच्या तळाशी एक ओळ कचऱ्याची चढते, तीन पुसल्या तर दोन, चार पुसल्या तर चार. एक ओळ पुसल्यास काहीच जात नाही. हे प्रमाण चातुर्याचे आहे. ते धीराला बक्षीस देते आणि उतावीळपणाला रिकाम्या हाताने परत पाठविते.

तथापि या योजनेत एक मूलभूत उणीव राहिली. चढलेला कचरा चढलाच. येणारा आघात वाटेत अडविता येत नाही किंवा परतविताही येत नाही. तो सोसून आपले काम पुढे चालवावयाचे, इतकेच. दोघे शेजारी बसून दोन स्वगते म्हणत आहेत आणि अधूनमधून एकाच्या आवाजाने दुसऱ्याचा ताल चुकतो आहे, असे या द्वंद्वाचे स्वरूप आहे. त्याला चढाओढ म्हणता येईल; सवाल-जवाब म्हणता येणार नाही.

३

जपानमधील हिरोशिमा येथील कंपाइल या कंपनीचा ‘पुयो पुयो’ १९९१ साली निघाला आणि १९९२ च्या आवृत्तीपासून तो मुख्यतः दोघांचा खेळ बनला. सहा घरे रुंद व बारा घरे उंच अशा फलकावर रंगीत गोळ्यांच्या जोड्या पडतात. एकाच रंगाच्या चार गोळ्या एकमेकींस लागल्या की विरतात, वरच्या खाली घसरतात, त्यांतून पुन्हा चार जुळल्या तर त्याही विरतात. या साखळीला जपानी खेळाडू ‘रेन्सा’ म्हणतात. साखळी जितकी लांब तितक्या अधिक निरुपयोगी गोळ्या प्रतिस्पर्ध्यावर कोसळतात. त्यांचे नाव ‘ओजामा’, म्हणजे अडथळा किंवा लुडबूड.

साखळीची रचना मराठी वाक्याची आठवण करून देते. कर्ता, कर्म, विशेषणे, क्रियाविशेषणे हे सारे मांडून झाले तरी क्रियापद येईपर्यंत मराठी वाक्याचा अर्थ अधांतरी असतो. शेवटचा शब्द पडला की मागचे सगळे एकदम जागच्या जागी बसते. पुयो पुयोच्या फलकावरील ढीगही नवख्याला निरर्थक वाटतो. जाणता खेळाडू मात्र कोणती जोडी कोठे पडली असता तो पेट घेईल हे ओळखून असतो. यासाठी त्याला प्रतिस्पर्ध्याच्या फलकाकडेही पाहावे लागते. या पाहण्यास जपानी खेळाडूंच्या बोलीत ‘ग्योशी’, म्हणजे टक लावून पाहणे, असा शब्दच रूढ झाला आहे. दुसऱ्याची अपुरी रचना वाचणे हे ज्या खेळात कौशल्य मानले जाते, तेथे दुसरा केवळ आघाताचे लक्ष्य राहत नाही.

या खेळाची खरी प्रगती मात्र १९९४ च्या दुसऱ्या भागात झाली. त्यात ‘सोसाई’ हा नियम आला. मराठीत त्यास ‘वजावट’ म्हणता येईल. प्रतिस्पर्ध्याने पाठविलेल्या अडथळ्यांची संख्या प्रथम फलकाच्या माथ्यावर टांगलेली दिसते. ते कोसळण्यापूर्वी आपण स्वतःची साखळी पेटविली, तर तिचे मूल्य आलेल्या आघातातून वजा होते आणि उरलेले प्रतिस्पर्ध्याकडे परत जाते. एका नियमाने खेळाची जातच पालटली. लांब साखळी प्रभावी खरी, परंतु ती पुरी होईपर्यंत प्रतिपक्षाला उत्तर जुळविण्यास वेळ मिळतो. आखूड साखळीने फारशी हानी होत नाही, परंतु ती अवेळी येऊन दुसऱ्याची सिद्धता मोडते. केव्हा बोलावे, किती बोलावे आणि दुसऱ्याला किती बोलू द्यावे, हे प्रश्न येथे प्रथमच कूटखेळाच्या पोटात शिरले. सवाल-जवाबाच्या फडाशी या खेळाचे नाते जुळते ते या ठिकाणी. पुढे टेट्रिसच्या द्वंद्वी आवृत्त्यांतही येणाऱ्या ओळी काही काळ बाजूला थांबतात आणि ओळी पुसून त्या वजा करता येतात, अशी व्यवस्था आली.

४

हा खेळ दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळता येऊ लागला, तेव्हा त्याच्या रचनेतील आणखी एक वैशिष्ट्य उघड झाले. पडेगाव हे छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेचे उपनगर. छावणी ओलांडून दौलताबादच्या दिशेने जाताना ते लागते. तेथील एखादा विद्यार्थी आपल्या घरातून टोकियोतील खेळाडूशी भिडतो, अशी कल्पना केली तर दोघांतील सरळ अंतर सुमारे ६,५०० किलोमीटर भरते. काचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे संदेश जाऊन परत येण्यास, यंत्रांचा विलंब आणि तारांची वळणे जमेस न धरताही, सेकंदाचा पंधरावा भाग लागणारच. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते असे धरल्यास तेवढ्यात चार चित्रे निघून जातात. दोघांचा फलक एकच असता, तर एवढ्या विलंबाने द्रुतगती खेळ अडखळला असता. परंतु येथे फलक दोन आहेत. प्रत्येकाचा हात आपल्याच फलकावर चालतो. समुद्रापार जाते ती फक्त निष्पत्ती, आणि ती क्षणभर उशिरा पोहोचल्याने डाव मोडत नाही.

याच्या उलट बाजूस नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने २०१६ साली आणलेला ‘लुडो किंग’ हा खेळ ठेवता येईल. त्याचा पट सर्वांचा एकच; परंतु पाळीपाळीने खेळावयाचे असल्याने विलंब जाणवत नाही. भेंड्यांत पटही सामाईक आणि गतीही मोठी, पण त्यासाठी सर्वांनी एकाच खोलीत बसावे लागे. सामाईक पट, गती आणि दूरत्व या तिहींपैकी दोन साधली की तिसऱ्यात काही ना काही सोडावे लागते. द्रुतगती कूटखेळाने गती आणि दूरत्व राखले, आणि पट विभागून घेतला. ज्या अलगपणामुळे पडेगाव आणि टोकियो यांना एकत्र खेळता येते, तोच अलगपणा त्यांना एकमेकांपासून दूरही ठेवतो. वजावटीचा नियम हा त्या अंतरावरील एकमेव पूल आहे. म्हणूनच तो गौण मानता येत नाही.

५

या निकषावर दोन अलीकडील कृती पाहता येतील. सेगा कंपनीच्या ‘पुयो पुयो टेट्रिस’ या २०१४ मधील, आणि २०१८ साली संगणकासाठीही निघालेल्या खेळात, एक खेळाडू टेट्रिसच्या तर दुसरा पुयो पुयोच्या नियमांनी खेळू शकतो. दोन व्याकरणांचे हे द्वंद्व आहे. एकाच्या पुसलेल्या ओळी दुसऱ्याकडे गोळ्या होऊन पडतात आणि दुसऱ्याच्या साखळ्या पहिल्याकडे ओळी होऊन चढतात. हे भाषांतर वरवर चमत्कृतिपूर्ण वाटते. पण त्यात रूपांतर होते ते फक्त आघाताच्या मापाचे. ज्या रचनेतून तो आघात निघाला तिचा मागमूस पलीकडे पोहोचत नाही. तरीही वजावट शाबूत असल्याने दोघांना एकमेकांची लय ओळखावी लागते. एक भरभर तुटक बोलणारा आणि दुसरा दीर्घ पल्लेदार वाक्यांचा, असे दोन वक्ते समोरासमोर यावेत, तशी या डावाची गोडी आहे.

दुसरी कृती ‘टेट्रिस ९९’. ती फेब्रुवारी २०१९ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रासाठी आली. नव्याण्णव खेळाडू एकदम सुरुवात करतात आणि अखेर एक उरतो. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचे फलक पडद्याच्या दोन्ही बाजूंना इतके लहान होऊन बसतात, की तेथे ‘ग्योशी’ला वाव उरत नाही. आघात कोणावर करावयाचा यासाठी चार ठरीव पर्याय आहेत : कोणावरही, बाद होण्याच्या बेतात असलेल्यावर, अधिक मानचिन्हे मिळविलेल्यावर, किंवा जे आपल्यावर चालून आले आहेत त्यांच्यावर. यांपैकी पहिल्या तीन पर्यायांत समोरचा कोण याला महत्त्व नाही. चौथ्यातच काय ती प्रत्युत्तराची खूण शिल्लक आहे. वजावट येथेही आहे, परंतु ज्याचा आघात वजा केला तो कोण हे सहसा कळत नाही. खेळाडूंची संख्या वाढली, थरारही वाढला. संवाद मात्र एकापासून नव्याण्णवांकडे जाताना समृद्ध होण्याऐवजी पातळ झाला.

यावर असा आक्षेप संभवतो, की खेळाकडून संवादाची अपेक्षा करणेच अप्रस्तुत आहे. धावण्याच्या शर्यतीत कोणी सवाल-जवाब शोधीत नाही. हा आक्षेप ‘टेट्रिस ९९’ला लागू करण्यास हरकत नाही. तो शर्यत म्हणून उत्तम आहे, आणि शर्यत म्हणूनच त्याची वाखाणणी व्हावी. परंतु ज्या खेळात एकाची कृती दुसऱ्याच्या कृतीला कारण होते, त्याने शर्यतीची कसोटी पुरेशी मानणे म्हणजे स्वतःच्या शक्यतेहून कमीवर समाधान मानणे होय. १९९४ सालीच एका साध्या नियमाने ही शक्यता दाखवून दिली होती.

मराठी भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे अभ्यासाचे एक क्षेत्र खुले आहे. बोलण्याची पाळी कशी बदलते, मध्येच तोडणे आणि उत्तर देणे यांत फरक कोणता, ऐकणारा बोलणाऱ्याच्या अपुऱ्या वाक्याचा अंदाज कसा घेतो, हे प्रश्न संभाषणाच्या अभ्यासात नेहमीचे आहेत. अर्थाचा संबंध वगळून केवळ वेळ, पाळी आणि प्रत्युत्तर यांचेच दर्शन घडविणारी साधने थोडी. पुयो पुयोचा दुसरा भाग हे त्यांपैकी एक आहे. त्यात एकही शब्द न बोलता दोघे एकमेकांस उत्तर देतात. फडावरील शाहिराला जे शब्दांनी साधावे लागे त्याचा सांगाडा तेथे उघडा दिसतो, आणि त्या सांगाड्यावर शब्दांनी काय भर घातली होती याचेही माप त्यावरून घेता येते.