डोकेदुखीची यादी

‘डोकेदुखी टाळायची तर हे टाळा’ अशा मथळ्याखाली चॉकलेट, चीज, रेड वाइन, ऊन, जागरण, उपास, ताण अशी यादी आरोग्य-पुरवण्यांतून वर्षानुवर्षे छापली जाते. शाळांच्या भित्तिफलकांवरही ती चढते. शिक्षकांनी ती तशीच वर्गात वाचून दाखवू नये, असे आम्हांस वाटते.

यादीत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ असते. घराण्यात अर्धशिशी असणे किंवा स्त्री असणे (वयात आल्यावर अर्धशिशीचे प्रमाण स्त्रियांत पुरुषांच्या सुमारे तिप्पट असते) यांवरून डोकेदुखीचा संभव कोणाला अधिक, ते कळते. उपास, अपुरी झोप, मासिक पाळी ही झाली निमित्ते. झटका केव्हा येईल याच्याशी त्यांचा संबंध. पहिल्या गटातले काही टाळता येत नाही, हे यादी सांगतच नाही.

आता चॉकलेट. १९९७ साली अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी नेहमी डोके दुखणाऱ्या ६३ स्त्रियांना कधी चॉकलेट, तर कधी तशाच चवीचा कॅरब या झाडाच्या शेंगांचा पदार्थ दिला. कोणता कोणता, हे खाणारीलाही ठाऊक नव्हते. चॉकलेटने कॅरबहून अधिक डोकेदुखी झाली नाही. ‘मला चॉकलेट बाधते’ अशी खात्री असलेल्यांतही नाही! मग ही खात्री येते कोठून? अर्धशिशीत वेदनेच्या काही तास, कधी एखादा दिवस आधी जांभया येतात, मान आखडते, काहींना गोड खावेसे वाटते. म्हणजे चॉकलेट खाण्याची इच्छा हीच झटक्याची सुरुवात असू शकते. आधी घडले ते कारण, ही आपली जुनी खोड.

यावर वर्गात करण्याजोगे काम आहे. चॉकलेट खाल्ले आणि डोके दुखले, एवढेच दिवस न मोजता खाऊनही न दुखलेले, न खाता दुखलेले आणि दोन्ही नसलेले दिवसही वहीत मांडावेत. चारही रकाने भरल्यावाचून निष्कर्ष काढता येत नाही.

शिवाय यादी उसनी आहे. आपल्याकडे किती घरांत चीज आणि रेड वाइन असते? उलट, डोक्यावरून नाहण्याने अर्धशिशी उठते, ही आपल्या बायकांची तक्रार तीत नसते. मुंबईचे डॉ. के. रविशंकर यांनी २००६ मध्ये अशा ९४ भारतीय रुग्णांची निरीक्षणे प्रसिद्ध केली.

सर्वांत खटकते ते वेदनाशामक गोळ्यांबाबतचे मौन. ज्यांना मुळात डोकेदुखी आहे, त्यांनी साध्या गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, मिश्र गोळ्या दहा किंवा अधिक दिवस, अशा तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्या गोळ्यांमुळेच डोके वरचेवर दुखू लागू शकते. शाळेच्या प्रथमोपचार पेटीतून एकाच मुलीला महिन्यातून किती वेळा गोळी दिली, याची नोंद कितीशा शाळा ठेवतात?