पाच-सहा की सहा-पाच?

चेकवरची तारीख तपासण्यात माझी बावीस वर्षे गेली. २०१२ पूर्वी चेक सहा महिने चालायचा, आता तीनच. शिळा चेक मी दुरून वासावरून ओळखतो, असा जवाहरनगरात माझा लौकिक आहे. म्हणजे होता.

फॅक्टरीतून रिटायर झालेले शेजारचे काका अमेरिकेतल्या मुलाचं पत्र घेऊन काउंटरवर आले. ‘‘भाऊ, पोरगा कधी येऊन राहिला, पाहा बरं.’’ पत्रात होतं ०५/०६. मी चष्मा पुसून निकाल दिला, ‘‘पाच जून, काका!’’

मुलगा सहा मे रोजी नागपूरला उतरला. विमानतळावर न्यायला कुणी नाही आणि डोक्यावर विदर्भाचं ऊन!

आम्ही इंग्रज साहेबाकडून शिकलो : आधी दिवस, मग महिना. अमेरिकन माणूस महिना पुढे काढतो. आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणतं, आधी वर्ष. तेरा तारखेपासून भानगड नाही. तेरावा महिना नसतोच. पण मी कारकुनी हिशेब केला. बारा गुणिले बारा, त्यातून १/१, २/२ असले बारा सज्जन दिवस वजा. वर्षातले १३२ दिवस दुतोंडी! आजोबांच्या ‘वैशाख वद्य पंचमी’त हा घोळ नव्हता.

उपाय सोपा आहे. महिना अक्षरी लिहावा. रक्कम अक्षरी मागणारे आम्ही, तारखेला मात्र मोकाट सोडतो.

पुढच्या पत्रात मुलाने महिना अक्षरी लिहिला म्हणे. काकांनी ते पत्र मला दाखवलं नाही.